काळं केलेलं आभाळ

वातिपासो गोंडवे हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, आणि त्याच्याबद्दल मला काडीचा आदर नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मावशीने मनात ठेवून गोष्ट वाकडी सांगितली असं नंतर कोणी म्हणायला नको. मनात काही ठेवलेलं नाही. त्याच्या तोंडावर सगळं बोलून झालंय.

माझं नाव एथेल. मांडाची लेक म्हणून इथे मला सगळे न्यामांडा म्हणतात. सरोवराकाठच्या न्खाटा बेच्या बाजाराच्या वरच्या अंगाला, चढावर, माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्रांचे, लग्नाचे, आणि कोणी गेलं की शवपेटीवर ठेवायचा एक मोठा. बावीस वर्षं हेच करतेय. आमच्या घरात वडिलांपासून हा धंदा आहे. वडील काळ्या-पांढऱ्या फिल्मवर काम करायचे. ढग उठून दिसावेत म्हणून लेन्सपुढे लाल काच धरायचे, मग मागचं निळं आभाळ गडद यायचं आणि ढग कापसासारखे पुढे यायचे. तेव्हा आभाळ गडद करणं हे पाप आहे असं मी म्हणत नाही. चिमूटभर मीठ मीसुद्धा घालते. अख्खी पिशवी ओतणाऱ्याला मात्र स्वयंपाकी म्हणत नाहीत.

वातिपासो ऑगस्टमध्ये राजधानीतून, लिलोंग्वेहून आला. तिथे तो कलावंत म्हणून ओळखला जातो असं तोच सांगतो. भर उन्हात काळा शर्ट, काळी पँट, गळ्यात दोन कॅमेरे. जन्मला न्खाटा बेच्या दवाखान्यात, पोहायला शिकला आमच्याच धक्क्यावर, पण सरोवराकडे असा बघत होता, जणू काल संध्याकाळीच कोणी ते आणून इथे ओतलंय.

"मावशी, मला खरी माणसं हवीत," तो म्हणाला.

"मग इतके दिवस कोणाबरोबर राहत होतास?"

त्याला हसू आलं नाही. कलावंतांना येत नसावं.

मी त्याला न्यालोंग्वेकडे नेलं. ही माझी चूक नंबर एक. न्यालोंग्वे म्हणजे आमच्यापासून तासाभराच्या चालीवर, चिफुंगाच्या किनाऱ्यावर उसिपा सुकवणारी बाई. उसिपा म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. अंधाऱ्या रात्री पुरुष दिवे घेऊन होड्यांतून जातात, पहाटे टोपल्या भरून आणतात, आणि तिथून पुढे सगळं बायकांच्या हातात. बोरूच्या माचांवर मासळी पसरायची, उलटायची, परत उलटायची. दोन दिवस कडक ऊन मिळालं तर सोनं. एक सर आली तर शेण. न्यालोंग्वेची उसिपा बोटांत धरली की कडकन मोडते. म्झुझूच्या बाजारात व्यापारी तिच्या टोपलीत हात घालून बघत नाहीत, नुसतं नाव विचारतात.

त्या दिवशी आभाळात रुमालात बांधण्याएवढासुद्धा ढग नव्हता. सरोवर खवळवणारा म्वेरा वारा चार दिवसांपूर्वी पडला होता, सरोवर निळं, आभाळ त्याहून निळं, आणि न्यालोंग्वेच्या कमरेला निळं चितेंजे. निळ्या फुलांचं नवंकोरं कापड, थोरल्या मुलीने ब्लँटायरहून पाठवलेलं. भर दुपारी ती माचापाशी उभी राहून मासळी उलटत होती, आणि पाण्यावर चमकणारं ऊन डोळ्यांत येत असल्यामुळे तिने चेहरा आक्रसला होता. वातिपासो गुडघ्यावर बसून, वाळूत लोळून फोटो काढत होता.

"बाळा, खाली झोपून मी काय जास्त चांगली दिसते?" तिने विचारलं.

"आभाळ जास्त येतं, आई."

"आभाळ तर उभ्यानेपण दिसतं."

मग तिने आम्हाला जेवू घातलं. न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाचे शिजवलेले गोळे आणि टोमॅटोत शिजवलेली उसिपा. आम्ही दारातच बसलो होतो. आतून कोणीतरी लाकूड कापावं तसं घोरत होतं.

"आत कोण आहे?" वातिपासोने विचारलं.

"रात्रभर सरोवरावर दिवा घेऊन फिरणारा माणूस," ती म्हणाली. "हळू बोला. उठला तर त्यालाही वाढावं लागेल."

तो तिचा नवरा, फ्रायसन म्होने. हे सगळं वातिपासोने कानांनी ऐकलं आणि बोटं चाटत चाटत मान डोलावली. निघताना न्यालोंग्वे म्हणाली, "मला एक प्रत दे हं. मुलीला पाठवायचीय, तिचं कापड नेसून काढलाय म्हणून." तो म्हणाला, नक्की. त्याच्याकडे कोणी काही मागितलं की तो नक्की म्हणतो.

संध्याकाळी तो माझ्या दुकानात माझ्या कॉम्प्युटरपुढे बसला. फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिला आणि तोंड वाकडं केलं.

"आभाळ मेलंय."

"चांगलं निळंशार आहे."

"तेच म्हणतोय मी. निळं म्हणजे मेलेलं. या फोटोत काही घडतच नाही."

"मासळी वाळतेय की."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शाळेतल्या पोरांकडे पाहते, जी ओळखपत्राच्या फोटोत जीभ काढतात. मग त्याने फोटो काळा-पांढरा केला. आता यात अवघड काही नाही. पूर्वी वडील जे लाल काचेने करायचे ते आता कॉम्प्युटरवर होतं. प्रत्येक रंगाची एक पट्टी असते. निळ्याची पट्टी डावीकडे ओढली की फोटोत जे जे निळं, ते ते काळं पडत जातं. त्याने ती पट्टी धरली आणि ओढली, आणखी ओढली, पार टोकापर्यंत. बघता बघता भरदुपारी अमावास्या झाली. वरून आणि कडेने त्याने आणखी काळोख माखला. सरोवर डांबरासारखं झालं.

"आता बघ," तो म्हणाला.

"बघितलं. एवढ्या आभाळाखाली कोण बाई मासळी उघड्यावर ठेवील?"

"लोकांना ते नाही कळत."

"कुठल्या लोकांना?"

"फोटो बघणाऱ्यांना."

"आणि फोटोत जी आहे तिला?"

त्याने कडेचा काळोख आणखी थोडा दाट केला. मग म्हणाला, "मावशी, तू पासपोर्टचे फोटो काढतेस. ते वेगळं काम आहे." आणि मी काही बोलायच्या आत, "तू नवऱ्या मुलींना दोन छटा उजळ करतेसच ना? तेव्हा कुठे जातो तुझा खरेपणा?"

"त्या मागतात."

"माझा फोटोही माझ्याकडे मागतो."

असल्या वाक्याला उत्तर नसतं, कारण त्यात काही नसतंच. पण त्याचं आधीचं बोलणं लागलं, खोटं कशाला बोलू. आणि चूक नंबर दोन, मी तो फोटो त्याला छापून दिला. मोठ्यात मोठ्या कागदावर. बहिणीचा मुलगा, शिवाय मोठा प्रिंटर महिनाभर पडून होता. छापून कागद बाहेर येत असताना मी त्या काळ्या आभाळाला नावं ठेवत उभी होते, पण त्याखाली न्यालोंग्वेच्या कमरेचं नवं कापडही त्याच पट्टीबरोबर काळं झालंय हे माझ्या लक्षात आलं नाही. बावीस वर्षं डोळ्यांवर पोट भरणारी बाई मी. दिसलं नाही.

ऑक्टोबरात पोस्टर लागली. धक्क्यावर, मासळी बाजारात, दवाखान्याच्या भिंतीवर, म्झुझूच्या बस डेपोपर्यंत. सरोवरावर माणसं बुडू नयेत म्हणून काम करणारी एक संस्था आहे, तिने फोटोंची स्पर्धा घेतली होती. पहिलं बक्षीस वातिपासो गोंडवे. फोटोला त्याने नाव दिलं होतं "विधवा". संस्थेने त्यावर आपल्या पदरचं मोठ्या अक्षरांत घातलं होतं, "आभाळ सांगत होतं. त्याने ऐकलं नाही." आणि खाली, बारीक अक्षरांत, लाइफ जॅकेट घाला.

मी धक्क्यावर उभी राहून ते पाहिलं आणि तेव्हा मला ते कापड दिसलं. काळं आभाळ, काळं पाणी, आमच्याकडच्या विधवांसारखं काळं नेसलेली बाई, उन्हाने आक्रसलेला चेहरा जो आता रडवेला वाटत होता. एका पट्टीने एवढं केलं होतं.

चार दिवसांनी न्यालोंग्वे दुकानात आली. हातात पोस्टरची गुंडाळी. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांचं होईपर्यंत ती बाकावर बसून राहिली. मग तिने गुंडाळी काउंटरवर पसरली आणि कोपऱ्यांवर माझ्याच फोटोफ्रेमा ठेवल्या.

"ही मी आहे का?" तिने विचारलं.

"तूच आहेस."

"विचारून घेतलं. कारण हिचा नवरा मेलाय."

मग तिने सांगितलं. उसिस्याहून फ्रायसनची बहीण पहिल्याच बोटीने आली. पोस्टर कोणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं. किनाऱ्यावर उतरल्यापासून हंबरडा फोडत आली, आणि दारात फ्रायसन जाळं शिवत बसलेला. त्याला बघून ती आणखी रडली, मग संतापली, आणि दोन दिवस भावाशी बोलली नाही, जणू जिवंत राहून त्यानेच तिला फसवलं. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. फ्रायसन तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर आमेन म्हणाला. तो तेव्हापासून काही काम सांगितलं की म्हणतो, "मी बुडालोय, मला काय विचारतेस."

"त्याला गंमत वाटते," न्यालोंग्वे म्हणाली. "वाटू दे. मरणाचं मला एवढं नाही. कोळ्याच्या बायकोने तो विचार रोजच केलेला असतो. पण हे बघ." तिने माचावर बोट ठेवलं. "माझी मासळी उघडी आहे. एवढं आभाळ भरलंय आणि मी उभी राहून उलटतेय. तीन वर्षांचं पोरगंसुद्धा टोपली घेऊन धावेल. मी काय येडी आहे?"

"नाहीस."

"म्झुझूचा व्यापारी काल म्हणाला, न्यालोंग्वे, या वेळची मासळी भिजलेली ना, आम्ही पोस्टरवर बघितलं. माझ्या टोपलीत हात घातला त्याने. वीस वर्षांत पहिल्यांदा. वास घेऊन बघितला."

मला वाटलं आता रडेल, पण तिने फक्त फ्रेमा उचलल्या आणि पोस्टर गुंडाळायला लागली. न विचारता मी सांगून टाकलं की हे मीच छापलं, याच दुकानात.

"माहीत आहे," ती म्हणाली. "एवढा मोठा कागद दुसऱ्या कोणाकडे निघतो? पण तू तिथे होतीस, न्यामांडा. ऊन तुझ्याही डोक्यावर होतं."

यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

ती तिथे असतानाच मी वातिपासोला फोन लावला आणि मोठ्याने ऐकू येईल असा ठेवला.

"मावशी, विधवा हे प्रतीक आहे," तो म्हणाला. "ती न्यालोंग्वे नाहीच. ती सरोवराची सगळ्या काळातली बाई आहे."

"या प्रतीकाचा नवरा घोरतो, वातिपासो. तू दारात बसून ऐकलंयस."

"तपशील आहे तो."

"आणि तिची प्रत?"

"नक्की पाठवतो. पण पोस्टर आता माझ्या हातात नाही, संस्थेचं आहे. शनिवारी तिकडे कार्यक्रम आहे, मी येतोच आहे, मग सविस्तर बोलू."

सविस्तर बोलू म्हणणाऱ्या माणसाला बोलायचं नसतं हे न्यालोंग्वेलाही कळलं. तिने पोस्टरची गुंडाळी काखेत मारली.

"शनिवारी किती वाजता?" तिने मला विचारलं.

कार्यक्रम सरकारी कचेऱ्यांच्या मैदानावर होता. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, ध्वनिक्षेपक, आणि मध्यभागी घरच्या दाराएवढं मोठं करून लावलेलं ते पोस्टर. संस्थेच्या प्रमुख काबाघेबाई लिलोंग्वेहून आल्या होत्या. बऱ्या बाई वाटल्या, घामाघूम आणि थकलेल्या. लाइफ जॅकेटच्या या सगळ्या थाटामाटात प्रत्यक्ष लाइफ जॅकेट अकरा आणली होती, तीही फोटोत धरायला. आमच्या किनाऱ्यावर दोनशेवर होड्या आहेत.

वातिपासो बोलायला उभा राहिला. काळा शर्ट होताच. आधी तो प्रकाशाबद्दल बोलला, मग अंधाराबद्दल. मग म्हणाला, "तो दिवस मी विसरणार नाही. आभाळ भरून आलं होतं. हवेत वादळाचा वास होता. ही माउली एकटी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मला तिचं सगळं गमावलेलं आयुष्य दिसलं."

मी त्याला लहानपणी अंघोळ घातलीय. खोटं बोलताना त्याचा आवाज तेव्हाही असाच मऊ व्हायचा.

टाळ्या पडल्या, आणि त्या संपत असताना मागच्या रांगेतून न्यालोंग्वे उठली. तिने तेच निळं चितेंजे नेसलं होतं. डोक्यावर उसिपाची टोपली. ती सावकाश पुढे आली, टोपली टेबलावर ठेवली आणि पोस्टरशेजारी उभी राहिली. लोक एकदा तिच्याकडे, एकदा पोस्टरकडे बघायला लागले. कापडावरची फुलं तीच होती. एकीकडे निळी, दुसरीकडे काळी.

"बाळा," ती वातिपासोला म्हणाली, "आभाळ भरून आलं होतं म्हणालास. कुठल्या बाजूने?"

त्याने काबाघेबाईंकडे पाहिलं. "सगळीकडूनच, आई."

"सगळीकडून. बरं." तिने पोस्टरवर माचाच्या खाली बोट ठेवलं. "मग हे काय आहे?"

"सावली."

"माचाची सावली. काडी न् काडी वेगळी मोजता येतेय. भरल्या आभाळाखाली अशी सावली पडते? आणि ही माझी, सगळी पायाशी गोळा झालेली. म्हणजे सूर्य कुठे होता?"

मांडवात बसलेली निम्मी माणसं कोळी होती. त्यांना सावलीवरून वेळ सांगता येते, आणि आतापर्यंत त्यांनी त्या पोस्टरकडे नीट पाहिलं नव्हतं. आता ती माना पुढे काढून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, "बारा वाजलेत की." दुसरा म्हणाला, "साडेबारा." मग ते दोघे त्यावरून वाद घालायला लागले आणि लोक हसायला लागले.

"आई, हा भावनेचा प्रश्न आहे," वातिपासो म्हणाला. "छायाचित्र म्हणजे हवामानाची बातमी नाही."

"कोणाची भावना? मी डोळे बारीक केलेत ते ऊन लागत होतं म्हणून. त्यात तुला माझं गमावलेलं आयुष्य दिसलं. मी काय गमावलंय ते सांग, म्हणजे मी शोधायला लागते."

तेव्हा खुर्च्यांमधून फ्रायसन उठला. त्याने टोपी काढली आणि काबाघेबाईंना वाकून नमस्कार केला.

"मी फ्रायसन म्होने," तो म्हणाला. "यातला बुडालेला मी."

काबाघेबाईंनी पोस्टरवरचं वाक्य वाचलं. परत त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही त्या दिवशी होडीत होता?"

"घरात होतो, बाई. झोपलो होतो. हे साहेब माझ्या दारात बसून माझी मासळी जेवले. मला आवाज येत होता, पण उठलो नाही, कारण पाहुण्यांपुढे बायको मला कमी वाढते."

आता अख्खा मांडव हसत होता. वातिपासो भाषणाचे कागद घडी करून खिशात घालत होता. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. त्या हसण्यातही तो मान थोडी तिरकी करून उभा होता, कॅमेऱ्यांना चेहऱ्याची बरी बाजू मिळावी म्हणून.

फ्रायसन मात्र हसत नव्हता. लोक थांबेपर्यंत तो वाट बघत राहिला. "एक सांगतो," तो म्हणाला. "लाइफ जॅकेट मात्र द्या. माझा भाऊ खरंच गेलाय, सहा वर्षं झाली. त्या रात्री चांदण्या होत्या. आभाळाने कोणाला काही सांगितलं नव्हतं. वारा आला पाण्याच्या अंगाने, आणि होडी उलटली. ते पोस्टर बघून आमची पोरं शिकतील की आभाळ काळं असेल तर भ्यायचं, नाहीतर नाही. अशाने मरतील."

काबाघेबाई उठून उभ्या राहिल्या. मग त्यांनी ती अकरा जॅकेटं तिथल्या तिथे वाटून टाकली, फोटो न काढता, आणि कार्यक्रम आटोपला.

लोक पांगल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "मूळ फोटो कुठे मिळेल?"

"माझ्या कॉम्प्युटरवर आहे."

"मावशी, तो माझा फोटो आहे," वातिपासो मागून म्हणाला.

"मग कर जा माझ्यावर खटला," मी म्हणाले.

त्याच दुपारी मी तो फोटो रंगात छापला. निळं आभाळ, निळं सरोवर, निळं कापड, चांदीसारखी मासळी. एक न्यालोंग्वेला, एक तिच्या मुलीला. फोटो काही ग्रेट नव्हता, खरं सांगायचं तर. वाळूत लोळून काढल्यामुळे तिची हनुवटी मोठी आली होती. पण दुपार दुपारसारखी होती. न्यालोंग्वेने तो प्लास्टिकमध्ये घालून टोपलीच्या झाकणाला आतून चिकटवला. म्झुझूचा व्यापारी पुढच्या वेळी आला तेव्हा तिने काही न बोलता झाकण उघडून धरलं. त्याने हात आत घातला नाही, असं ती सांगते. माझ्याशी मात्र ती पुढचे तीन महिने कामापुरतंच बोलत होती. मीही तिच्याकडून काही जास्त मागितलं नाही.

तुम्हाला वाटेल वातिपासोचं बक्षीस काढून घेतलं असेल. काही नाही. संस्थेने पोस्टर काढलीसुद्धा नाहीत, त्यांवर एक चिकटपट्टी लावली, "कलाकाराची कल्पना". दवाखान्याच्या भिंतीवर ती पट्टी फ्रायसनच्या मरणाच्या ओळीवर बसायच्या ऐवजी न्यालोंग्वेच्या कपाळावर बसली. काबाघेबाईंनी मात्र जानेवारीत चाळीस जॅकेटं पाठवली, ती कोणाला न सांगता. आणि वातिपासोला लिलोंग्वेत फोटोग्राफी शिकवायचं आमंत्रण आलं. विषय, आभाळाचं नाट्य. तिथली तरुण मुलं त्याच्या भोवती बसून निळी पट्टी डावीकडे ओढायला शिकली असतील.

त्याच जानेवारीत तो परत आला. या वेळी खरं वादळ हवं, म्हणाला. लोकांनी त्याच्यावर खोटेपणाचा शिक्का मारलाय, तो त्याला पुसायचाय. मी म्हटलं, जा, वाट माहीत आहे तुला. पण तो एकटा जायला कचरत होता, आणि खरं सांगायचं तर मलाही न्यालोंग्वेला भेटायला निमित्त हवं होतं. म्हणून आम्ही दोघं गेलो.

आम्ही पोहोचलो तेव्हा पूर्वेकडून आभाळ येत होतं. सरोवराच्या पल्याडचे डोंगर दिसेनासे झाले, मग अर्धं सरोवर. वातिपासो खुशीत येऊन किनाऱ्याकडे धावला. मी दारात थांबले. तो इकडून तिकडे पळत होता, गुडघ्यावर बसत होता, लोळत होता. आणि मग पाऊस आला, एकदम, खारका फेकाव्यात तसा. तो शर्टाखाली कॅमेरा धरून पळत घरात आला.

न्यालोंग्वेने त्याला अंग पुसायला फडकं दिलं. "मिळालं का तुझं आभाळ?"

त्याने कॅमेऱ्याच्या मागचा पडदा मला दाखवला. सगळं राखाडी. पेजेसारखं. वर राखाडी, खाली राखाडी, मध्ये रिकामे माच. ओढायला निळं काही नव्हतंच, त्यामुळे काळं होणारं काही नव्हतं.

"माणूस नाही यात एकही," तो म्हणाला.

"कसं असेल?" न्यालोंग्वे म्हणाली. "आम्ही पहाटेच वारा बघितला. मासळी पसरलीच नाही आज. ती बघ कोपऱ्यात, झाकलेली."

तो फडक्याने केस पुसत विचार करत होता. मला तो चेहरा ओळखू येतो. मग हळू आवाजात मला म्हणाला, "मावशी, तू विचार ना तिला. फक्त दोन मिनिटं. माचापाशी टोपली घेऊन उभी राहील का? पाऊस जरा कमी झाला की."

मी त्याच्याकडे बघितलं. मांडवातल्या हसण्याने याच्यावर एवढाही ओरखडा उठला नव्हता.

न्यालोंग्वेने ऐकलं होतं. खोली लहान आहे. तिने चुलीवरचं भांडं उतरवलं, न्सिमाचा गोळा वाढला, शेजारी मासळी, आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. मग मलाही एक ताट दिलं आणि माझ्याजवळ चटईवर बसली, कितीतरी दिवसांनी. तिची मुलगी मार्चमध्ये येणार होती, ते सांगायला लागली. बाहेर पाऊस पडत होता, आत फ्रायसन घोरत होता.

वातिपासोने ताट पुसून खाल्लं. मासळी छान सुकलीय, म्हणाला.

"हो," न्यालोंग्वे म्हणाली, आणि माझ्याकडे वळून मुलीचं पुढे सांगत राहिली.